लांबचं बटण

"पोटुशी असताना गोळी मी एकदाच घेतली होती, डॉक्टर," हिस्के म्हणाली. "डोकं फारच दुखत होतं म्हणून."

तिच्या मांडीवरच्या येल्मरच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारी आणखी एक इवलासा अंगठा होता. बाळ पाहायला येणाऱ्यांपुढे रिवाजाप्रमाणे साखरेची बडीशेप पसरलेले टोस्ट ठेवायचे, पण त्याआधी त्याच्या हातांत मोजे चढवायचे, असं दोन महिने चाललं होतं. तिचा नवरा श्यूर्ड बोटींसाठी कालव्यावरचा पूल उघडमीट करण्याच्या नोकरीत होता. तो खिडकीबाहेर बघत होता.

म्हाताऱ्या डॉक्टरबाईंनी सावकाश समजावलं. हाताला आकार देणारं जनुक ठणठणीत आहे. पण ते कुठे चालू व्हावं, कुठे बंद राहावं, हे ठरवणारं बटण डीएनएवर फार लांब, दुसऱ्याच जनुकाच्या पोटात असतं. मासा, कोंबडी, उंदीर, माणूस, सगळ्यांत ते जवळजवळ सारखंच. कोट्यवधी वर्षं निसर्गानं ते जपलंय. त्यातलं एखादं अक्षर बदललं, की बंद राहायला हवं तिथेही जनुक चालू होतं, अंगठ्याच्या बाजूला.

"मग माझी गोळी?"

"तिचा काही संबंध नाही, पोरी. हे अक्षर आधीपासूनच तसं होतं. बहुधा आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं. घरात कुणाला होतं का?"

"कुणालाच नाही." हिस्के भरल्या डोळ्यांनी हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. तिनं श्यूर्डचा गुडघा दाबला. "ऐकलंस ना रे? मी काही केलं नव्हतं."

ते हसणं श्यूर्डला सोसवेना. काढून टाकलं म्हणजे ते नव्हतंच, असं आईनं त्याला लहानपणीच बजावलं होतं. हात पुलाच्या साखळीत सापडला होता, असं तो सगळ्यांना सांगे. हिस्केलाही त्यानं तेच सांगितलं होतं.

त्यानं हात टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी पांढरट वण होता.

"मलाही होतं. तान्हा असतानाच कापलं."

हिस्के त्या वणाकडे बघत राहिली.

"मी रात्री गोळीच्या विचारानं रडायचे, तेव्हा तू जागा असायचास," ती हळूच म्हणाली.

त्यानं होकारार्थी मान हलवली.

परतीची बस निम्मी रिकामी होती. हिस्के बाळाला घेऊन खिडकीशी बसली आणि दुपट्यांची पिशवी तिनं शेजारच्या जागेवर ठेवली. श्यूर्ड दांडा धरून उभा राहिला. मागे जागा आहे की, असं ड्रायव्हर म्हणाला.

"असू दे," श्यूर्ड म्हणाला. "बरा आहे मी इथेच."