डावीकडचा पाटा

मागच्या डाव्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मधल्या फटीत त्रिशलाबाईंची तीन बोटं सहज गेली. उजव्या बाजूला जाऊन त्यांनी तोच हात घातला, तर तिथे तिसरं बोट अडलं. त्या पुन्हा डावीकडे आल्या, पुन्हा बघितलं. अंगणातली फरशी सपाट होती आणि चाकांतली हवा त्यांनी आधीच दाबून पाहिली होती. गाडी डावीकडून उंच झाली होती, यात शंका नव्हती.

इतकी वर्षं ती उजवीकडून उंच असायची.

गाडी म्हणजे हिरव्या रंगाची, दोनच सीटांची, उघड्या टपाची जुनी एमजी. मिरजेतले एक परदेशी डॉक्टर मायदेशी परत जाताना ती मागे ठेवून गेले आणि पारस मगदुमांनी ती घेतली. तेव्हा पारस वीज मंडळात नुकते चिकटलेले कारकून होते. लोक स्कूटरसाठी नंबर लावून बसत होते, त्या काळात हा माणूस दोन सीटांची विलायती गाडी घेऊन सांगलीत आला. पारसचे वडील आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. मूळच्या मऊ कमानी इथल्या खड्ड्यांत पार खाली बसत. म्हणून तासगावात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची कामं करणाऱ्या लोहाराकडून पारसनी मागच्या दोन्ही चाकांसाठी नवे पाटे करून घेतले, एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या. उजवीकडच्या थप्पीत एक पाटा जास्त घातला, कारण चालवणारे ते एकटे आणि अंगाने भारी. ते बसले की उजवी बाजू दबायची आणि गाडी सरळ व्हायची.

"रिकामी असताना सरळ दिसती ती वरातीची गाडी," ते सांगायचे. "माणूस बसल्यावर सरळ व्हती ती चालवायची."

त्रिशलाबाईंनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. हा नियम त्यांना मान्य होता, आणि आता तोच त्यांना छळत होता. पाटा उजवीकडून काढून डावीकडे घातला असेल, तर डाव्या सीटवर कुणीतरी बसत होतं. क्वचित कधी नाही, नेमाने. एखाद्या वेळेसाठी कुणी पाटे खोलत नाही.

त्या स्वतः त्या सीटवर फारशा बसल्या नव्हत्या. लग्नानंतर एकदा नरसोबावाडीला जाऊन आल्या, तर कंबर धरली आणि केसांत धूळ भरली. पारसनी पुढे विचारलं नाही, त्यांनीही म्हटलं नाही. स्टिअरिंगला तर हात लावायची गोष्टच नव्हती. "तू स्कूटर चालीव की," एवढंच उत्तर मिळालं होतं, आणि त्यांनी ते मुकाट घेतलं होतं.

चहा देताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. पारस पेपरातून वर न बघता म्हणाले, जुनी गाडी आहे, उजवीकडचे पाटे बसले असतील. पण सकाळी जैन बस्तीतून दर्शन घेऊन येताच त्रिशलाबाईंनी वाकून खाली पाहिलं होतं. दोन्हीकडच्या बोल्टांना ताजं ग्रीस होतं आणि गंजावर पान्याचे चकाकते ओरखडे होते. बसलेल्या पाट्यांवर कुणी पाना फिरवत नाही. नवरा खोटं बोलला होता, आणि तेही ज्या विषयात तो कधी खोटं बोलत नसे त्याच विषयात.

तशीही घरात गाडीवरून धुसफुस चालूच होती. पारसची साखर वाढलेली, गेल्या पावसाळ्यात फाटकाच्या खांबाला गाडी घासलेली. तेव्हापासून प्रीती, त्यांची मुलगी, पुण्याहून दर फोनला एकच सांगायची: बाबा, आता चालवणं बंद करा. पारस म्हणायचे, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मग संक्रांत होऊ दे. संक्रांतीचे तीळ संपले, आता पाडव्याचं नाव निघालं होतं. दर रविवारी पहाटे ते सातारला जात. तिथे जुन्या गाड्यावाल्यांचा मेळ जमायचा, यवतेश्वरचा घाट चढून यायचे, इंजिनांच्या गप्पा मारायचे. त्यांचा सगळा जीव त्या रविवारात होता, हे त्रिशलाबाईंना ठाऊक होतं. पण आता त्या रविवारात आणखी कोण होतं?

दुसरी गोष्ट त्यांना गुरुवारी सापडली. पारस आंघोळीला गेले तेव्हा त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि चालवणाऱ्याच्या सीटवर बसून पाहिलं. पाय सरळ पेडलवर पडले. पारस उंच होते, ती सीट कायम मागे सरकवलेली असायची. गाडी धुताना कधी आत बसल्या, तर त्यांचे पाय अधांतरी लोंबायचे. आता सीट पुढे ओढलेली होती, त्यांच्याएवढ्या बुटक्या बाईला नेमकी बसेल अशी.

म्हणजे गाडी कुणी दुसरं चालवत होतं. बुटकं आणि हलकं. आणि डावीकडे बसणारं वजन पारसचं स्वतःचं होतं.

हे कळल्यावर त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. शेजारी कुणाला बसवलं असतं तर तो एक भाग होता. पण स्टिअरिंग दिलं होतं. जे आपल्याला एका शब्दावर नाकारलं, ते कुणाला तरी सुखाने देऊन हा माणूस शेजारी बसून वारा खात होता.

त्याच दुपारी पारस झोपलेले असताना त्यांचा फोन वाजला. नाव आलं 'लालासाहेब कुंडल'. लालासाहेबांचं कुंडलला ट्रॅक्टरचं गॅरेज होतं, पाट्यांचं अवजड काम पारस तिथेच करत. त्रिशलाबाईंनी फोन उचलला. पलीकडून बाईचा आवाज आला, "काका, रविवारी नेहमीच्याच टायमाला पंपावर थांबू न्हवं?"

पलीकडचा आवाज दोनदा 'हॅलो' म्हणाला आणि फोन बंद झाला. त्यांनी तो होता तसा उशीजवळ ठेवून दिला.

शनिवारी रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "उद्या मी येते सातारला."

पारसचा घास हातातच राहिला. मग त्यांनी कारणं काढायला सुरुवात केली. पाठीला हिसके बसतील. ऊन लागेल. इंजिन नीट नाही, दोन कार्बोरेटरांचा मेळ बसत नाही, एक जास्त हवा ओढतोय. त्रिशलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कार्बोरेटरचा मेळ बसला होता, हे त्यांना गाडीच्या आवाजावरून कळत होतं. कानाला रबरी नळी लावून दोन्हींचा श्वास सारखा करताना चाळीस वर्षं उजेडाला बॅटरी त्यांनीच धरली होती.

"दोनच सीट हायत तिला," पारस शेवटी म्हणाले.

"आवं, मग आपण दोघंच की," त्या म्हणाल्या. "का आणि कोण हाय?"

पारस ताट उचलून मोरीकडे गेले.

रविवारी उजाडता उजाडता त्या डोक्याला स्कार्फ बांधून डावीकडे बसल्या. पारसनी सीट मागे सरकवली, तेव्हा त्यांनी मुद्दाम तिकडे पाहिलं आणि पारसनी मुद्दाम पाहिलं नाही. गाडी निघाली. ती आता डावीकडून किंचित वर राहिली होती, दोघांच्या वजनाला ती लावलेलीच नव्हती.

गावातून पारस दुसऱ्या गिअरवरच चालले होते. त्रिशलाबाईंची नजर समोर कमी आणि नवऱ्यावर जास्त होती. पारसचा नेहमीचा पेट्रोलपंप कृष्णेच्या पलीकडे, सांगलीवाडीत. तिथे ती बाई उभी असेल. हा माणूस थांबेल की मान वळवून पुढे जाईल? दोन्हींपैकी काय झालं तर आपल्याला जास्त लागेल, याचा त्या विचार करत होत्या. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की गिअर बदलण्याआधी पारस दर वेळी खाली बघतात. रस्ता सोडून, स्वतःच्या पायाकडे.

"खाली काय बघताय?"

"काय न्हाई."

पुलाच्या चढावर उसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर पुढे चालला होता. कारखान्याचा हंगाम होता. ट्रॅक्टर मध्येच थांबला. पारसनी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबण्याऐवजी आचका देऊन पुढे उडाली. उसाच्या शेंड्यांची लोंबती वाढी बॉनेटवर घासली, काही तर काचेवरून त्यांच्या तोंडाशी आली. इंजिन धडधडून बंद पडलं. पारसनी पुन्हा चालू केलं. पुन्हा तसाच आचका. या वेळी ट्रॉलीच्या लोखंडाला पुढचा बंपर टेकल्याचा आवाज आला.

मागे हॉर्न सुरू झाले. एका मोटारसायकलवाल्याने शेजारी येऊन सांगितलं, "आजोबा, क्लच दाबा की!"

"दाबलाय रं!" पारस ओरडले.

त्रिशलाबाईंनी खाली पाहिलं. क्लचचं पेडल मोकळं होतं. पारसचा डावा पाय त्याच्या बाजूला, नुसत्या पत्र्यावर, सगळा जोर लावून रोवलेला होता. आणि त्या पायात चप्पल नव्हती. ती मागे राहून सीटखाली उलटी पडली होती.

"तुमची चप्पल निघालीय," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

त्यांनी बोटाने दाखवलं. पारसनी आपल्या उघड्या पायाकडे पाहिलं. एखाद्या दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसं बराच वेळ पाहत राहिले.

कधी निघाली हे त्यांना माहीत नव्हतं. घरापासून इथवर ते पायाला काहीही न कळता आले होते. दर रविवारी असेच आले असणार, ओळखीच्या रस्त्याने, रिकाम्या पहाटे, नजरेने पाय जागेवर ठेवत, पंपापर्यंत.

मग पुलाच्या पलीकडून एक बाई भराभर चालत येताना दिसली. तिशीची, बुटकी, अंगावर पंजाबी ड्रेस आणि त्यावर पुरुषी शर्ट, नखांत ग्रीस. ती थेट पारसच्या दाराशी येऊन वाकली. "गाडी दोनदा बंद पडल्याली पंपावर ऐकू आली," ती म्हणाली. मग तिचं लक्ष शेजारी गेलं. "काकी, मी क्रांती. लालासाहेबांची मुलगी. त्या दिशी फोन तुमीच उचलला न्हवं?"

त्रिशलाबाईंनी मान हलवली. एवढे दिवस रचलेलं सगळं त्यांच्या डोक्यात एका जागी येऊन पडलं आणि त्याचा आकार अगदी वेगळा झाला. शाळेत मुलांच्या वह्यांवर त्या लाल शाईने लिहायच्या: निरीक्षण बरोबर, अनुमान चूक. पण मोकळं वाटायच्या ऐवजी त्यांना राग आला.

क्रांती अवघडून सांगत राहिली, काकांना डाव्या पायाचं काही समजत नव्हतं, घाटात भीती वाटायला लागली म्हणून त्यांनी तिच्या वडिलांना, अण्णांना, विचारलं. अण्णा म्हणाले, माझी पोरगी चालवील. ती एसटीने पंपापर्यंत यायची, पुढे गाडी घ्यायची. परतताना गल्लीच्या तोंडाशी उतरायची, तेवढ्यासाठी काका सीट मागे घ्यायचे नाहीत. वळणावर गाडी डावीकडे कलायला लागली म्हणून पाटा इकडचा तिकडे घातला.

"हिला सांगितलं," त्रिशलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मला न्हाई."

पारस चप्पल पायात अडकवायचा प्रयत्न करत होते. ती जात नव्हती. "तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं," ते खालमानेने म्हणाले. "तू लगेच पायाला सुई टोचून बघितली असतीस. कुठंवर कळतंय, कुठनं न्हाई. मग प्रीतीला फोन. हिनं काय विचारलं न्हाई. नुसती गाडी चालवली."

सुई टोचून बघितली असती, हे खरं होतं. त्रिशलाबाई खाली वाकल्या आणि पारसचा घोटा धरून चप्पल घातली. पाय गार होता.

ट्रॅक्टरवाला आपल्या ट्रॉलीला किती लागलं ते बघून आला. त्याच्यामागे पुलावरच्या बंदोबस्ताला असलेला होमगार्ड आला, शिट्टी तोंडातच. हॉर्न वाढले होते. पारस दार उघडून उतरले, बॉनेटला धरून, पाय नजरेने टाकत, गाडीला वळसा घालायला लागले. त्रिशलाबाई डावी सीट सोडून उतरल्या. क्रांती उजव्या दाराशी थांबली होती, पण आत बसली नव्हती. ती काकांकडे बघत होती, दर रविवारी बघत असेल तशी, त्यांनी मान हलवायची वाट बघत.

होमगार्डने तिघांकडे पाहिलं. एक म्हातारा, एक म्हातारी, एक तरणी बाई आणि दोन सीटांची गाडी. "ड्रायव्हर कोण हाय हिचा?" त्याने विचारलं. "लायसन कुणाचं? गाडी बाजूला घ्या आधी."

क्रांती काही बोलणार होती. पारसनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. उत्तर त्रिशलाबाईंना येत होतं, पण ते त्यांनी द्यायचं नव्हतं.

"ड्रायव्हर ही हाय," पारस क्रांतीकडे बोट करून म्हणाले. "मी गाडी चालवायची सोडली."