चढवलेली दोरी

वहिनी धनुष्य विकायला निघाली आहे हे तिने मला सांगितलं नाही. मला ते चादरीवरून कळलं. शनिवारी दुपारी मी पुढच्या खोलीत मशीनवर एका कोटाचं अस्तर जोडत होते, आणि ही आतून काहीतरी लांबलचक, डबलबेडच्या चादरीत गुंडाळलेलं घेऊन बाहेर आली. दारात ते अडकलं. तिने ते आडवं केलं, मग उभं केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जरा जाऊन येते."

"चादर कुठे चाललीय फिरायला?" मी विचारलं.

"ह्यांचं धनुष्य आहे. दुकानात नेतेय. देऊन त्याच्या बदल्यात हलकं मिळतं का बघते."

मी मशीनवरचा पाय काढला. ह्यांचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणायचे, पन्नाशी आली तरी. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. रविवारची सकाळ होती. त्याने नेहमीसारखी घरातच धनुष्यावर दोरी चढवली. तिरंदाजीच्या मैदानावर चढवायचा नाही, कारण ते धनुष्य भलतंच ताठ होतं आणि चढवताना त्याची होणारी धडपड त्याला नव्या पोरांना दाखवायची नव्हती. चढवून त्याने ते आतल्या खोलीतल्या खिळ्याला लावलं, बूट घालायला खाली बसला, आणि उठला नाही. एक बूट पायात होता, दुसरा हातात.

त्या दिवशी शेजारच्या कोणीतरी जागा करायला म्हणून ते धनुष्य खिळ्यावरून काढायला हात लांबवला, तेव्हा मी आणि वहिनी एकदमच म्हणालो, "राहू दे." आम्हा दोघींचं एका वेळी एकमत झाल्याचं मला आठवतं ते तेवढंच. तेव्हापासून ते तिथे होतं. मी आजूबाजूची भिंत पुसायचे, धनुष्याला फडकं लावत नव्हते. दोरी त्याच्या हाताची होती. त्याच्या हातचं तसंच राहिलेलं घरात दुसरं काही उरलं नव्हतं.

"हलकं कशाला हवंय तुला?" मी विचारलं.

तेव्हा सगळं बाहेर आलं. गेले दोन महिने ती रविवारी बाजारात जाते म्हणून सांगून मैदानावर जात होती. पिशवी रिकामी परत यायची. मला वाटायचं, भाव वाढले असतील. नवशिक्यांचा वर्ग होता. सुरुवातीला धनुष्य तेच देतात, पण नंतर ज्याने त्याने आपलं आणायचं असा तिथला नियम. वहिनी छापखान्यात बाइंडिंगला आहे. तिथल्या पगारात नवीन धनुष्य बसत नव्हतं.

"पंचावन्न वर्षांची आहेस तू," मी म्हटलं.

"माहितीय. माझाच वाढदिवस असतो तो."

"मग हे काय मधेच?"

ती चादरीचं टोक खोचत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, इतकी वर्षं दर रविवारी ते मला घरी ठेवून जायचे. परत यायचे तेव्हा चेहरा वेगळा असायचा. तिथे काय होतं ते मला बघायचंय. मला त्यांचं हे झेपणार नाही, मग भिंतीवर ठेवून काय करू?"

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस माझ्या भावाच्या वस्तूवर उठली होती. मी कोट तसाच टाकला, चपला घातल्या आणि म्हटलं, "चल. मीही येते." तिला वाटलं मी सोबतीला येतेय. मी पहारा द्यायला जात होते.

दुकान कसलं, टायरवाल्याच्या मागच्या अंगणातली शेड होती. जमिनीवर लाकडाचा भुगा, कोपऱ्यात सालीसकट फळ्या, खळीसारखा वास. एका भिंतीवर मधोमध लाकडी खुंटी, खाली कप्पी, आणि कप्पीतून येणाऱ्या दोराला जोर मोजायचा ताणकाटा टांगलेला. धनुष्यवाला चष्मा शोधत होता. चष्मा त्याच्या कपाळावर होता. वहिनीने सांगितल्यावर तो खाली ओढून म्हणाला, "बरं झालं आलात, नाहीतर आज संध्याकाळपर्यंत सापडला नसता."

वहिनीने आमची चादर भिंतीला टेकवून ठेवली आणि काही न दाखवता आधी नव्याचीच चौकशी केली. मला जरा बरं वाटलं. त्याने तिला दोन्ही तळवे पुढे धरून मधल्या फटीतून दाराची कडी बघायला सांगितली, एक डोळा मिटायला लावला, मग दुसरा, नेम कुठल्या डोळ्याचा ते बघितलं, आणि ठरवलं की उजव्या हाताने ओढायचं. दोन्ही हात पसरायला लावून टेपने माप घेतलं. टेप कसा धरतो ते मी बघत होते. नीट धरत होता.

मग त्याने एक धनुष्य तिच्या हातात दिलं. "ओढा, धरून ठेवा, आणि काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. घरचा पत्ता सांगा."

वहिनीने ओढलं आणि पत्ता सांगायला लागली. गल्लीच्या नावापर्यंत पोचली तोवर तिचा आवाज बकरीसारखा झाला.

"जड आहे," तो म्हणाला. "हात खोटं बोलतो. माणूस ओढून दाखवतो, म्हणतो जमतंय, आणि महिन्याभराने खांदा धरून घरी बसतो. आवाज लपवता येत नाही. पहिलं धनुष्य असं हवं की ओढून धरल्यावर गप्पा मारता आल्या पाहिजेत."

दुसरं दिलं. ह्या वेळी पत्ता शेवटपर्यंत सरळ आला, खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूसकट. वहिनीचा चेहरा फुलला. मग तिने किंमत विचारली आणि चेहरा परत जागेवर आला.

"ह्याच्याखाली नाही का काही?"

"आहे. पण ते गाठीच्या लाकडाचं असतं, आणि तुटतं तेव्हा तोंडाजवळ तुटतं. ते मी नाही देणार."

वहिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चादर सोडली. "हे घेऊन काही कमी होईल का, भाऊ? चांगलं आहे. आमच्या घरी फार जपलंय."

धनुष्यवाल्याने ते हातात घेतलं नाही. आधी नुसतंच बघितलं, चष्मा वर केला, परत खाली केला. "ह्याला दोरी कधी चढवलीय?"

"सहा वर्षं झाली," मी म्हटलं. "माझ्या भावाने चढवली होती. तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही." हे मी जरा ताठ्यानेच सांगितलं.

तो वाकून दोरीचा फास बघू लागला. मग खूप हळू आवाजात म्हणाला, "ताई, काम झालं की दोरी उतरवायची असते. दर वेळी. ते उतरवत नव्हते का?"

मी आणि वहिनी एकमेकींकडे बघायला लागलो. रविवारी सकाळी चढवलेलं धनुष्य बाहेर जाताना आम्ही बघायचो. दुपारी तो यायचा तेव्हा ते कापडी खोळीत असायचं आणि खोळ सरळ कपाटामागे जायची. खोळीत सरळ काठीसारखं काही असतं, म्हणजे दोरी तो मैदानावरच उतरवायचा, हे दिसायचं, पण विचार कोण करतं? आम्हाला धनुष्य म्हणजे दोरी लावलेलं, एवढंच माहीत.

"लाकूड थकतं," तो म्हणाला. "एवढी वर्षं वाकून उभं राहिलं की त्याला तीच सवय होते. ह्याचा जोर गेलाय. विकत घेऊन मी काय करू? हे परत नीट करता येत नाही."

चाळीस वर्षं शिवणकाम केलंय मी. इलॅस्टिक ताणून ठेवलं की मरतं हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते. आणि घरातल्या भिंतीवर तेच चाललेलं मला दिसलं नाही. आम्ही दोघींनी इतकं जपलं, इतकं जपलं, की जपूनच मारलं. मला फार वाईट वाटलं. विकलं जाणार नाही म्हणून खूश व्हायला हवं होतं मी, पण झाले नाही.

वहिनी स्टुलावर बसली. म्हणाली, "म्हणजे हेही गेलं."

धनुष्यवाल्याने आता ते हातात घेतलं, मागून पुढून बोट फिरवलं, खिडकीच्या उजेडात धरलं. पोटाच्या, म्हणजे दोरीकडच्या, बाजूला मुठीजवळ लाकडात अठ्ठेचाळीस आकडा कोरलेला होता. म्हणजे पुरं ओढायला अठ्ठेचाळीस पौंडांचा जोर लागायचा. "एक करता येईल," तो म्हणाला. "दोरी उतरवू. नवी लावू, ही कुजलीय. आणि त्या भिंतीवर थोडं थोडं ओढून बघू किती उरलंय ते. पण आतून तडा गेला असेल तर तुटेल. तसं झालं तर माझ्यावर येऊ नका. नाहीतर असंच घरी न्या, खिळ्याला लावा. दिसायला आणखी वीस वर्षं असंच दिसेल."

वहिनी माझ्याकडे वळली. "वन्सं, तुमच्या भावाचं आहे. तुम्ही म्हणाल तसं."

हे तिने करायला नको होतं. भांडली असती तर मी नाही म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते. आता सगळं माझ्यावर आलं. मी त्या दोरीकडे बघितलं. पिळात धूळ बसली होती. वरच्या टोकाला फास होता, धाकट्याने अंगठ्याने दाबून बसवलेला. माझ्या मनात तो अंगठा आला, नखाखाली नेहमी छापखान्याची शाई असलेला, त्याच छापखान्याची जिथे त्याची आणि वहिनीची ओळख झाली. नाही हा शब्द माझ्या जिभेवर होता. आणि मग मला वाटलं, हा माणूस त्या दिवशी कुठे निघाला होता? त्याने ती दोरी भिंतीवर टांगायला चढवली नव्हती. मैदानावर जायला चढवली होती.

"उतरवा," मी म्हटलं. "पण आम्ही उतरवू."

त्याने एक जाड दोर आणला, दोन्ही टोकांना चामड्याच्या टोप्या असलेला. टोप्या धनुष्याच्या टोकांना घातल्या, दोर जमिनीवर सोडला. वहिनीने त्यावर पाय दिला आणि मूठ धरून धनुष्य वर ओढलं. ते आणखी वाकलं आणि धाकट्याची दोरी सैल पडली. "आता फास सरकवा, ताई," तो मला म्हणाला. फास खाचेत चिकटून बसला होता. मी नखाने सोडवला, तो सरकला, आणि दोरी माझ्या हातात आली.

वहिनीने हळूहळू धनुष्य खाली आणलं. आम्हाला वाटलं होतं ते सरळ होईल. ते झालं नाही. दोरी निघाली तरी ते तसंच वाकून राहिलं. मी पदर तोंडाला लावला आणि रडले, परक्या माणसाच्या शेडमध्ये. धनुष्यवाला नवी दोरी शोधायच्या निमित्ताने पलीकडे गेला आणि बराच वेळ शोधत राहिला.

मग त्याने नवी दोरी लावून धनुष्य खुंटीवर आडवं ठेवलं आणि कप्पीचा दोर ओढायला सुरुवात केली. थोडं ओढायचा, सोडायचा. आणखी थोडं. एकदा लाकूड कुरकुरलं. तो थांबला, कान लावला, बोटाने ठोकून बघितलं. वहिनीने माझं मनगट धरलं होतं, बांगडी रुतत होती. परत ओढलं. कुरकुर झाली नाही. वहिनीच्या हाताच्या मापापर्यंत दोरी खाली आली आणि त्याने काटा वाचला.

"सव्वीस."

"म्हणजे वाईट?" मी विचारलं.

"लांबच्या नेमाला उपयोग नाही. बाण जरा आळसावून जाईल." त्याने वहिनीकडे बघितलं. "पण मघाशी तुमचा आवाज सरळ राहिला ना, ते धनुष्य सव्वीसचंच होतं."

त्याने धनुष्य खाली काढलं आणि वहिनीच्या हातात दिलं. मागच्या दाराबाहेर गवताचा भारा होता, त्यावर कागद टोचलेला. "बाण लावा. नुसती दोरी ओढून कधी सोडायची नाही, त्याचा मार लाकडाला बसतो. ओढा, धरा. आणि बोला."

वहिनी उभी राहिली. मी तिला चुलीपाशी, छापखान्याच्या दारात, दवाखान्याच्या रांगेत उभी राहिलेली बघितलंय, पण अशी नाही. तिने ओढलं. दोरी हनुवटीला लागली. मला वाटलं पत्ताच सांगेल.

"त्यांचे बूट अजून कपाटाखाली आहेत, वन्सं," ती म्हणाली. "दोन्ही. मी दर महिन्याला पुसते. ते आता कोणालातरी देऊन टाकू. चांगले आहेत, कोणीतरी घालेल."

आवाज कुठेही हलला नाही.

"वजन बरोबर आहे," धनुष्यवाला म्हणाला. तिने बाण सोडला. तो कागदाला लागला नाही, पण भाऱ्यात शिरला.

त्याने फक्त नव्या दोरीचे पैसे घेतले, टोप्यांचा जाड दोर तसाच दिला. जुनी दोरी मी पर्समध्ये ठेवली. आता ती माझ्या मशीनच्या खणात असते, बॉबिनींच्या डब्याशेजारी.

रविवारी सकाळी धनुष्य आतल्या खोलीत चढतं. मीही जाते मैदानावर, एक स्टूल आणि काजं करायचं काम घेऊन. वहिनीचे बाण आळसावूनच जातात, पण जातात. शेवटी तिचे हात भरून येतात. मग ती दोरावर पाय देऊन धनुष्य वर ओढते, आणि फास सरकवायचं काम माझं. घरी येताना मी दर वेळी विचारते, "उतरवली ना गं?" ती म्हणते, "तुम्हीच उतरवलीत, वन्सं." मला माहीत असतं. तरी विचारते.