तेजसच्या नावाची मूठ

"भाईदास!" भावकीतल्या थोरल्या तोताराम नानांनी आवाज दिला, आणि शेवंताबाईने सुपातला सव्वा मूठ गहू टोपलीत टाकला.

"प्रेमराज! जगदीश! नवीन!"

नवीनच्या नावाला तिची मूठ जरा जास्तच भरली. पोटचा पोरगा, चालायचंच!

उद्या, श्रावणातल्या रविवारी, घरात कानबाई देवी बसणार होती. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याचे जाडसर रोट भाजायचे, भाऊबंदांनीच ते खायचे आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचे. परक्याच्या तोंडी कण गेला तर कानबाई कोपते म्हणतात. यंदा देवी बसवायचा मान मेहरूण वस्तीतल्या शेवंताबाईच्या दोन खोल्यांना मिळाला होता, आणि सकाळपासून बाईचे पाय जमिनीवर नव्हते. तिचा नातू तेजस सहा महिन्यांचा झाला होता. टोपलीत आज पहिल्यांदा त्याचं नाव पडणार होतं. डाळमिलमध्ये तूर निवडता निवडता तिने ही बातमी इतक्यांदा सांगितली होती, की शेजारच्या बाया म्हणाल्या, आता पुरे कर बाई, आमचे कान किटले.

"झायं. उचला टोपली," नाना म्हणाले.

"नाना, एक नाव ऱ्हायनं ना!"

"कोनं?"

"तेजसनं. मना नातूनं."

नानांनी टोपलीकडे बघूनच उत्तर दिलं. "पावरानी पोरनं पोर शे ते. आपला कूयमा कसं मोजानं?"

आतल्या दारात सून सरिता तेजसला कडेवर घेऊन उभी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यातली पावरा आदिवासी मुलगी, शिकून नर्स झाली, आणि दोन वर्षांपूर्वी नवीनशी तिने कोर्टात लग्न केलं. त्या दिवसापासून नाना आले की बीपी मोजायला हात बिनदिक्कत तिच्यापुढे करत; पाणी मात्र शेवंताबाईच्याच हातचं पीत. घरात हे सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं. शेवंताबाई तर नाहीच. नवरा गेला तेव्हा याच नानांनी तिला डाळमिलमध्ये काम लावून दिलं होतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्यापुढे तिने कधी ब्र काढला नव्हता.

आज मात्र तिने टोपलीवर हात ठेवला आणि ती बोलून गेली.

"नाना, तिले रोट खावाडेल शे मी. मांगला सालेच!"

"काय?" नाना एकदम ताठ झाले.

"पोटमा हाऊच तेजस व्हता. तिना पोटमा अन्न ठरे ना. रोटना वास वना तशी ती मना ताटकडे देखत ऱ्हायनी. मंग मी दारआड लई जाईसन आर्धा रोट तिले दिधा."

त्यानंतर वर्षभर शेवंताबाई भीतीने अर्धी झाली होती. फोन वाजला तरी वाटायचं, कोपली कानबाई! पण कुठे काय? उलट दर महिन्याला कुणाकडून तरी पेढेच येत राहिले. हे लक्षात आलं तेव्हा ती डाळीच्या ढिगासमोर बसून एकटीच हसली होती.

"आते सांगा, काय बिघडनं?" तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "तुमना डोयानं आप्रेशन झकास व्हयनं. भाईदासनी बदली घरजोडे व्हयनी. आनि हाऊ प्रेमराज! चाळीसना व्हयना, त्यानंबी लगन जमनं! कानबाईले चालनं, मंग तुमले कसाले चालत नही?"

प्रेमराजने लाजून मान खाली घातली आणि सगळी खोली खो खो हसली. नानांच्या मिशाही हलल्या. त्यांनी घसा खाकरला.

"बरं. टाक पोऱ्यानी मूठ. रगत आपलं शे. पन त्यानी मायनी रोटले हात लावाना नही."

जिंकलं! शेवंताबाईचा हात गव्हात गेलासुद्धा.

"आई, थांबा."

सरिता पुढे आली. "माझ्या लेकाची मूठ मीच टाकीन. नाहीतर राहू द्या. उद्या मोठा झाला की त्याला काय सांगू? तुला मोजलं आणि मला दारात उभं केलं? नाना, तुमचं बीपी याच हाताने मोजते मी."

सगळे शेवंताबाईकडे बघू लागले. नातवाची मूठ तिच्या हातात होती, नुसती टोपलीत सोडायची बाकी. नातू झाल्यापासून तिने हेच तर मागितलं होतं. तिने मूठ उघडली. गहू परत सुपात पडला. मग ती सरकून बसली आणि शेजारची जागा थोपटली.

"ये, बस आठे."

सरिता बसली. "सव्वा म्हणजे किती, आई?"

"मूठ भर, आनि वरथीन चिमूट सोड."

गहू टोपलीत पडला. तेजसला तो आवाज आवडला असावा, तो खिदळला. नवीनने डोळे पुसले. नाना उठले, खांद्यावरचं उपरणं झटकलं, चपला घातल्या.

"नाना, जेवीसन तरी जा!"

त्यांनी वळून पाहिलं नाही. शेवंताबाईला भडभडून आलं. बाकीचे भाऊबंद एकमेकांकडे बघत चुळबुळले, पण उठलं कुणी नाही.

सोमवारी कानबाई वाजतगाजत मेहरूण तलावाकडे निघाली. देवीचा चौरंग सरिताच्या डोक्यावर होता. मागे शेवंताबाईने अशा फुगड्या घातल्या, की मिलमधल्या बाया तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. काय ते तिचं वय, आणि काय तो जोर!

नानांच्या वाट्याचा रोट तिने डब्यात झाकून ठेवला होता. त्यांचीही मूठ टोपलीत होतीच ना. रोज ती दाराजवळ त्यांचा पाट मांडून रस्त्याकडे बघायची. पौर्णिमेला दिवस कलला तेव्हा सरिता हळूच म्हणाली, "आई, आज संपवायला हवा."

शेवंताबाईने रोट दुधात कुस्करला आणि तेजसला मांडीवर घेतलं. पहिला घास त्याने थुंकला. दुसरा चाखून पाहिला, आणि मग आ करून मागतच राहिला. नानांचा वाटा त्याने शेवटच्या कणापर्यंत संपवला. शेवंताबाईने वाटी धुतली, आणि दाराजवळ मांडलेला नानांचा पाट उचलायला वाकली. मग तो तिने तसाच राहू दिला.