दोन्ही खांद्यांवरून

“आत्याबाई, झोळीवर ऊन येतंय का बघा!”

चेंडू पायाशी असताना हर्षाली ओरडली आणि उजवीकडून आलेल्या रणधीरनं तो अलगद काढून नेला.

“ताई, तुम्ही बाळ सांभाळा, चेंडू आमी सांभाळतो!” पळता पळता तो म्हणाला. कॉलेजची बाकीची पोरं फिदीफिदी हसली.

मैदानाच्या डाव्या कडेला कडुलिंबाच्या फांदीला झोळी बांधली होती आणि दोरी हातात धरून द्वारकाबाई झोका देत होत्या. सुनेचा आवाज ऐकून त्यांनी हात झटकला. “न्हाय गं बाई ऊन! तू तुझं खेळ की!”

झोळीत दहा महिन्यांची सृष्टी होती आणि लिंबाच्या पलीकडं लगेच ढोकीच्या साखर कारखान्याचा रस्ता. मैदानाला भिंत नव्हती. गाळप सुरू झाल्यापासून दोन-दोन ट्रॉल्या ओढत उसाचे ट्रॅक्टर सारखे जात, कर्ण्यांवर गाणी लावून, ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येणार नाही अशा आवाजात. सृष्टी नुकतीच रांगायला लागली होती. पहिल्याच दिवशी उंबरा ओलांडून अंगणात गेली होती. तेव्हापासून हर्षालीच्या छातीत काहीतरी घट्ट आवळून बसलं होतं. भाकरी थापताना, आंघोळ करताना, झोपेतसुद्धा ते सुटत नसे.

पूर्वी ती अशी नव्हती. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात आली तेव्हा रामलिंग सरांनी तिला मधल्या फळीत उभं केलं आणि पहिल्याच दिवशी तिच्या पाठीमागं जाऊन बोटं वर धरली. समोरून चेंडू येत असताना त्यांचा आवाज यायचा, “किती बोटं?” चेंडू पायाला लागायच्या आत मान वळवून, बघून, सांगायचं. मधल्या माणसाला चारी बाजूंनी शत्रू असतात, सर म्हणायचे, तेव्हा दोन्ही खांद्यांवरून बघत राहा. त्या वळत्या मानेनं तिला विद्यापीठातून राज्याच्या संघात नेलं आणि तिथून भारताचा निळा शर्ट मिळवून दिला. ताश्कंदला, कडाक्याच्या थंडीत, तिच्यापेक्षा हातभर उंच मुलींच्या गर्दीतून तिनं चेंडू काढून दिला होता. भीती कशाशी खातात हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग लग्न, मग सृष्टी. आता निवड समितीच्या मॅडम मुद्दाम ढोकीला आल्या होत्या. खुर्चीत बसून, काळा चष्मा लावून कॉलेजच्या पोरांबरोबरचा तिचा खेळ बघत होत्या. आज त्यांना पटलं तर सोमवारी शिबिराला जायचं, अजून अंगावर पिणाऱ्या बाळाला घरी ठेवून. नाही पटलं तर तिच्या जागेवर खेळणारी पोरगी तिथंच राहणार, आणि तो शर्ट परत मिळणार नव्हता.

पंधरा मिनिटांचा पूर्वार्ध संपला तेव्हा सृष्टी झोपली होती. हर्षाली झोळीकडं निघाली, पण सेवानिवृत्तीनंतर गावी येऊन राहिलेल्या रामलिंग सरांनी तिला वाटेतच गाठलं.

“हर्षे, उजवीकडं काय भिंत हाय का?”

“काय झालं सर?”

“रणधीर तिकडनं येतोय, दरवेळी तिकडनंच. पोरगं बी हुशार झालं. तुझी मान लिंबाकडं वळती, की आला. मॅडमनी बघितलंय ते.”

हर्षाली झोळीकडं न जाता तशीच मैदानात परतली. थोड्या अंतरावर उभ्या राहून द्वारकाबाईंनी दोघांचं बोलणं ऐकलं होतं.

बाजू बदलल्या. लिंब आता उजव्या हाताला आला. पहिला चेंडू येताना तिनं सवयीनं तिकडं बघितलं.

झोळी सपाट होती.

द्वारकाबाई नव्हत्या. दोरी नुसतीच लोंबत होती. रस्त्यावर ट्रॅक्टरचा कर्णा वाजला.

“सर! सृष्टी!”

“खेळ तू!” सर कडेवरून ओरडले.

त्यांना कळलं होतं की नव्हतं? म्हातारीला चक्कर आली असेल. पोरगी निसटली असेल. सोडून पळावं, की हा एक चेंडू देऊन? हा विचार मनात आला याचीच तिला किळस वाटली, आणि तोवर चेंडू आलाही होता. तिनं तो एका ठोक्यात देऊन टाकला आणि मान वळवली. उजवीकडं रस्ता. ट्रॉली थांबलेली नाही, गर्दी नाही. पुन्हा चेंडू. दिला. डावीकडं शाळेचा व्हरांडा, रिकामा. मागं पाण्याची टाकी. चेंडू जवळ ठेवायला तिला वेळच नव्हता. ती आपली लेक शोधत होती, आणि शोधताना अख्खं मैदान डोळ्यांत येत होतं. कुठं रणधीर, कुठं मोकळी जागा, कुणाचा पाय निसटतोय. तिच्या पासवर एक गोल झाला. मग दुसरा. सर टाळ्या वाजवत होते. मॅडम उभ्या राहिल्या होत्या.

“ताई, मागं डोळे हायत का काय तुम्हाला?” रणधीर धापा टाकत म्हणाला. तिला ते ऐकूच आलं नाही.

शिट्टी वाजताच ती धावली. आधी रस्त्याकडं. तिथून वळून टाकीच्या मागं.

द्वारकाबाई सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर सृष्टी गाढ झोपलेली, मुठीत आजीचा पदर.

“आत्याबाई, अवं, सांगायचं तरी!” तिचा आवाज फाटला. “माझा जीव गेला असता!”

“हळू. उठंल ती.” द्वारकाबाईंनी नजर वर केली नाही. “सांगितलं असतं, तर तू हिकडंच बघितलं असतंस.”

हर्षाली मटकन खाली बसली. हात मातीनं भरलेले होते, म्हणून तिनं बाळाला शिवलं नाही.

“रडली का?”

“रडली की. लई न्हाय.” द्वारकाबाईंनी नातीच्या अंगावरची माशी हाकलली. “मग वाटीनं दूध पिली. समदं.”

बाजूला वाटी पालथी घातली होती.

“हर्षे!” तिकडून सरांची हाक आली. “मॅडम बोलवायल्यात! चल लवकर, काम झालं तुझं!”

“आले, सर.”

पण ती गेली नाही. टाकीकडं तोंड करून उभी राहिली. छाती मघापासून दगडासारखी भरून आली होती, शर्टवर दोन ओले डाग पसरले होते. द्वारकाबाईंनी पाठ फिरवली. हर्षालीनं शर्ट वर उचलला, ओठ मिटले, आणि सावकाश दाबत सगळं दूध टाकीच्या बुडाशी, मातीत पिळून टाकलं.