सेफ्टी पिनेतल्या फिती

फिती नेहमी शिंपीच कापायचा. दुकान बंद करायच्या आधी कटिंगच्या टेबलावर उरलेलं नारिंगी अस्तर पसरायचं आणि धागे सुटू नयेत म्हणून नागमोडी कात्रीनं वीतभर पट्ट्या काढायच्या. या कामात त्याला कोणी कधी नावं ठेवली नव्हती. बाकी नावं ठेवायला जागा भरपूर होती. मागच्या वेळी त्यानं स्टोव्ह डोंगरावर नेला आणि काडेपेटी शिलाई मशीनच्या खणात राहिली. भाऊजींनी ती गोष्ट घरच्या प्रत्येक जेवणात तिखटमीठ लावून सांगितली होती.

भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, जमीन मोजणी खात्यातला सर्व्हेअर. तिसरी सिस्टर, हाडांच्या वॉर्डातली नर्स आणि ताईची शाळेपासूनची मैत्रीण. पायवाट नसलेले डोंगर हे तिघं शोधून काढत. कोयता न्यायचा नाही, फांद्या वाकवून घुसायचं. पुढचा माणूस वीस-पंचवीस पावलांवर फीत बांधणार आणि परतताना मागचा ती सोडून घेणार. मागचा माणूस कायम शिंपी.

या डोंगराला दक्षिणेकडे तीन सोंडा, म्हणजे उतरत्या धारा, होत्या. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा मधलीच पायथ्यापर्यंत उतरत होती, म्हणून चढायला तीच धरली. बाकीच्या दोन अर्ध्यात कड्यावर संपत होत्या.

अकराच्या सुमारास ते एका घळीत शिरले. ती पुढे बंद निघाली, म्हणून माघारी फिरले. नियमाप्रमाणे शिंप्यानं घळीतल्या सातही फिती सोडल्या आणि शर्टावरच्या मोठ्या सेफ्टी पिनेत एकामागून एक ओवल्या. दुकानात कापडाचे नमुने तो असेच ओवायचा. मग भाऊजींनी बाजूच्या झाडीतून नवी वाट धरली आणि चढण पुन्हा सुरू झाली.

माथ्यावर पोचायला सव्वा वाजला. भाऊजी वहीत वेळ टिपत होते, सिस्टर संत्रं सोलत होती. शिंप्यानं घाम पुसायला छातीशी हात नेला आणि पिनेला तो लागला. पीन जड होती.

त्यानं पाठ फिरवून मोजलं. एकतीस.

सात घळीतल्या. बाकीच्या चोवीस त्यानं चढतानाच सोडल्या होत्या. कपड्यावर कच्चा टाका लोंबताना दिसला की शिंप्याचा हात तो उसवतो, त्यासाठी डोकं लागत नाही. घळीत हाताला जी सवय लागली, ती बाहेर आल्यावर सुटलीच नव्हती. डोकं सगळा वेळ टाचेच्या फोडात होतं.

'सांगून टाकू,' असं त्याच्या मनात आलं. मग काडेपेटी आठवली. त्यानं जाकीट चढवलं, पीन काढून त्याच्या आतल्या बाजूला लावली आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. वाट आठवेल, असं त्यानं स्वतःला बजावलं.

पावणेदोनला धुकं आलं. उठायच्या घाईत भाऊजींचा पाय ओल्या खडकावरून सटकला आणि ते दहा फूट घसरत गेले. तिघांत मिळून आणलेल्या एकुलत्या फोनचा चुरा झाला. घोटा बघता बघता सुजला. सिस्टरनं बोटांनी चाचपून पाहिलं.

"मोडलेला नसावा. पण आता साहेबांना नवरदेवासारखं न्यावं लागणार, दोन्हीकडून धरून."

"वरात निघू दे," भाऊजी दात आवळत म्हणाले. "मेहुणे, शेवटची फीत शोधा."

"शोधतो."

शिंपी पाच पावलं पुढे गेला आणि काही नसलेल्या झुडपांकडे बघत उभा राहिला. पंधरा हातांवर सगळं पांढरं होतं. होकायंत्र दक्षिण दाखवत होतं, पण सोंडा तिन्ही दक्षिणेलाच.

"टेलरमास्तर, दिसली का?" सिस्टरचा आवाज आला.

"इकडेच असेल. या."

त्यानं वाट आठवायचा प्रयत्न केला. आठवली ती फक्त सिस्टरची पाठ आणि तोंडावर येणाऱ्या फांद्या. तरी तो पुढे झाला. पाठीमागून भाऊजी एका पायावर उड्या मारत, सिस्टरच्या खांद्यावर भार टाकत येत होते. उतार वाढत गेला. झाडी विरळ झाली.

"फीत बांधल्याशिवाय मी इतका लांब येत नाही," भाऊजी म्हणाले. "चुकतंय काहीतरी."

"अजून थोडं पुढे..."

तेवढ्यात सिस्टरच्या बुटाखालून दगड सुटला. शिंप्याच्या पायाजवळून घरंगळला आणि नाहीसा झाला. तिघंही ऐकत राहिले. आवाज आला तो फार उशिरा, फार खालून.

भाऊजींचा हात सिस्टरच्या खांद्यावर होता. ते गेले असते तर तीही गेली असती. आणि वाट दाखवणारा तो.

शिंप्यानं चेन खाली ओढली.

"फिती माझ्याकडे आहेत. घळीपासून वरच्या सगळ्या. चढतानाच सोडल्या. माथ्यावरच कळलं होतं मला."

"माथ्यावर कळलं," भाऊजी सावकाश म्हणाले, "आणि तुम्ही आम्हाला इथं आणलंत?"

"हो."

"काडेपेटीवर मी हसलो होतो. यावर हसू शकत नाही."

"भांडण खाली जाऊन करा," सिस्टर म्हणाली. "आधी मागे चला. हात धरून, एकेक पाऊल."

माथ्यावर परतल्यावर तिनं पीन ओढून घेतली आणि फिती बोटांत धरल्या. "शी! चिकट काय आहे हे?"

शिंप्यानं बघितलं. डाग बघण्यात त्याचा जन्म गेला होता. शेवटी ओवलेल्या दोन फितींना गवताचं कुसळ चिकटलं होतं. त्याआधीच्या चारांना डिंक. त्याआधीच्या एकीला काजळी. मग पाच हिरवट, शेवाळाच्या. मग काट्यांनी फाटलेल्या.

"ओळीनं आहेत," तो म्हणाला. "मी ओळीनंच ओवतो. गवत, मग डिंकाची झुडपं, मग जळकं खोड. भाऊजी, जळकं खोड लागलं होतं ना?"

भाऊजींनी डोळे मिटले. "डाव्या हाताला. वीज पडलेलं."

पीन परत घेऊन शिंपी गवताच्या कडेनं सरकत गेला. प्रत्येक झुडूप मुठीत धरायचं, हात हुंगायचा. विसाव्या की तिसाव्या झुडपाला तळवा चिकटला. त्यानं हाक मारली, दोघं आली, तेव्हाच तो पुढे हलला. जळकं खोड सापडायला अर्धा तास गेला. भाऊजींनी त्याला हात लावला आणि काळा तळवा वळवून बघितला.

खूण सापडली की तिची फीत शिंपी पिनेतून काढून खिशात टाकत गेला. पावणेपाचला पिनेत घळीच्या सात फिती तेवढ्या उरल्या. समोर, छातीच्या उंचीवर, धुक्यात एक नारिंगी पट्टी लोंबत होती, घळीच्या आधी बांधलेली.

शिंप्याचा हात उठला. त्यानं तो खिशात घातला, दुसराही घातला आणि तसाच उभा राहिला.

"तुम्ही पुढेच राहा," मागून भाऊजींचा आवाज आला. "सोडायचं काम आता माझं."

सिस्टरनं त्यांना आधार दिला. त्यांनी फीत सोडली आणि पीन मागायला शिंप्यापुढे हात केला.