एक घोट मोल

“समजलं असेल तर सांग, नसेल तर तेही सांग. पण पाठ करून येऊ नकोस.”

मॅडमचं हे वाक्य भिंगरीच्या कानात असं जाऊन बसलं होतं की दात घासताना ऐकू यायचं, वेणी घालताना ऐकू यायचं, जिना उतरताना तर पायरीपायरीला ऐकू यायचं. तोंडी परीक्षेत नापास केल्यावर मॅडमनी ते म्हटलं होतं, तेही अगदी शांतपणे. ओरडल्या असत्या तर भिंगरी रडून मोकळी झाली असती.

घडलं होतं ते असं. मॅडमनी विचारलं, “मोल म्हणजे काय?” भिंगरीने डोळे मिटले आणि सहा पूर्णांक शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण, असं एका दमात, टेप लावल्यासारखं म्हणून टाकलं. मॅडमनी समोरचा रिकामा काचेचा पेला पुढे सरकवला. “छान. आता पाण्याचा एक मोल या पेल्यात कुठपर्यंत येईल, बोट ठेवून दाखव.”

एवढा मोठा आकडा! सहावर तेवीस शून्यं! भिंगरीने पेल्याकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या गच्चीवरच्या टाकीकडे पाहिलं, आणि म्हणाली, “मॅडम, पेल्यात नाही मावायचा. टाकी लागेल.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. भिंगरीही हसली, कारण तिला हसणाऱ्यांत सामील व्हायची सवयच होती. पण घरी येईपर्यंत तिचं नाक लाल झालं होतं.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मल्यापासून हात, पाय आणि जीभ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी फिरत असल्यामुळे ते चिकटलं. तिला केमिस्ट्री का हवी होती, तर कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात तिने ब्युरेटच्या नळीतून पडणाऱ्या एका थेंबाने सगळा फ्लास्क गुलाबी होताना पाहिला होता. आधीच्या थेंबाला काही नाही, त्याच्या आधीच्यालाही नाही, आणि मग हा एक थेंब, की झालं! त्या दिवशी ती इतकी जोरात किंचाळली होती की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. हे आपल्याला आयुष्यभर करायचंय, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आता महिन्याभराने फेरपरीक्षा होती. त्यात पास झाली तर दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्री. नाही तर तो विषयच सुटला.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. पण बाबांचं चष्म्याचं दुकान होतं आणि मन लोण्याचं. “अगं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आपलं दुकान आहे की,” असं म्हणून ते थांबले नाहीत, गल्ल्याशेजारच्या स्टुलावर ठेवायला त्यांनी भिंगरीसाठी एक नवी उशी शिवून आणली. निळी, झालर लावलेली. ती उशी रोज संध्याकाळी त्या स्टुलावर बसून भिंगरीची वाट बघायची. भिंगरीला भुताखेतांची भीती नव्हती. पण त्या झालरीची वाटायची.

घरात तिसरी होती आत्या. बाबांची थोरली बहीण. आत्याचा एक नेम होता, आणि तो भिंगरीच्या जन्माआधीपासून चालत आला होता. सकाळी उठल्यापासून दुपारी बाराचे ठोके पडेपर्यंत आत्या एक शब्द बोलत नसे. उठली की स्नान, जप, मग खिडकीजवळच्या खुर्चीत विणकाम. शेजारी एका छोट्याशा वाटीत घोटभर पाणी झाकून ठेवलेलं. बारा वाजले की डोळे मिटून, हात जोडून, त्या वाटीतला तो घोट घ्यायची आणि मग दिवसाचा पहिला शब्द बोलायची. तो बहुतेक वेळा “कुकर लावला का?” हा असायचा, पण त्या शांततेतून तो असा काही धुऊन निघून यायचा की ऐकणाऱ्याला आपण मोठं पुण्याचं काम करायला उठतोय असं वाटावं.

सुट्टी लागल्यावर सकाळी घरात दोघीच. बाबा दुकानात. भिंगरीला मोठ्याने बोलल्याशिवाय काही वाचता येत नसे, आणि ऐकायला होती फक्त आत्या.

“हे बघ आत्या, सोप्पंय,” पहिल्याच दिवशी भिंगरी खोलीत फेऱ्या मारत सुरू झाली. “दोन पदार्थ एकत्र येऊन तिसरा होतो ना, तेव्हा जो कमी असेल तो आधी संपतो, मग काम थांबतं, त्यालाच लिमिटिंग रिएजंट म्हणतात, म्हणजे हे उघडच आहे, पुढे!”

आत्याने विणकामावरून नजर उचलली. कपाळाला एक बारीकशी आठी.

भिंगरी थबकली. “काय? चुकलं?”

आठी तशीच.

“जो कमी तो संपतो! आता यात काय चुकायचंय? थांब, तुला दुकानातलंच उदाहरण देते.” तिने बाबांच्या दुरुस्तीच्या पेटीतून फ्रेमा आणि काचा काढून चटईवर मांडल्या. “दहा फ्रेमा. बारा काचा. फ्रेमा कमी, म्हणजे फ्रेमा संपणार. बघच तू.” ती एकेका फ्रेमेपुढे दोन-दोन काचा ठेवत गेली. एक, दोन, तीन... सहाव्या फ्रेमेला तिचा हात रिकामा झाला. काचा संपल्या. चार फ्रेमा डोळे नसल्यासारख्या तिच्याकडे बघत राहिल्या.

“अय्या!” भिंगरी चटईवर बसलीच. “अय्या, आत्या! काचा जास्त होत्या आणि काचाच संपल्या! कारण एकाला दोन लागतात! नुसतं कोण कमी ते नाही बघायचं, कुणाला किती लागतात ते बघायचं!” हे ती आता सावकाश म्हणाली, एकेक शब्द चाचपून बघत.

आत्याची आठी विरली. तिने मान हलवली आणि पुढचा टाका घातला.

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली. *आत्याला केमिस्ट्री येते!*

संध्याकाळी तिने बाबांना गाठलं. “बाबा, आत्या काय शिकलीय हो?”

“ताई? हुशार होती फार. मास्तर घरी यायचे तिला बघायला,” बाबा एक स्क्रू फुंकत म्हणाले. ते मास्तर आत्याला स्थळ म्हणून बघायला यायचे, हे सांगायचं त्यांच्या डोक्यातून निघून गेलं, कारण स्क्रू उडाला.

झालं. भिंगरीची खात्री पटली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आत्यापुढे शिकवणी. आठी आली की भिंगरी मागे फिरायची, परत सांगायची, डाळ, बटणं, चपला, जे हाताला लागेल ते मांडायची. मान हलली की पुढे. एकदा अणूंमधले बंध समजावताना तिने आत्याच्या लोकरीची दोन टोकं दोन खुर्च्यांना बांधली, मधे स्वतः इलेक्ट्रॉन झाली आणि अशी काही पळाली की दोन्ही खुर्च्या आडव्या. आत्याचे खांदे गदगदा हलले, डोळ्यांतून पाणी आलं, पदराचा बोळा तोंडात गेला.

“हसलीस! नेम मोडला!”

आत्याने जोरजोरात नकाराची मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. आवाज कुठे आला? नाही ना? मग!

मोल मात्र गळ्याखाली उतरेना. “एवढा मोठा आकडा, आणि मॅडम म्हणतात पेल्यात दाखव!” आठी. “बरं, बरं. रेणू मोजता येत नाहीत, म्हणून वजन करायचं. बाबा ते बारीक स्क्रू मोजतात का? मूठभर तोलतात आणि किती ते सांगतात. तसंच.” आठी थोडी सैल. “पाण्याच्या एका मोलचं वजन अठरा ग्रॅम. म्हणजे... अठरा ग्रॅम म्हणजे केवढं गं?”

तिची नजर खोलीभर भिरभिरली आणि आत्याच्या शेजारच्या झाकलेल्या वाटीवर येऊन थांबली. ती पळत जाऊन स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आली. आत्याच्या परवानगीने, दोन्ही हातांनी, देवाचं काही उचलावं तशी वाटी उचलून काट्यावर ठेवली. मग पाणी अलगद पेल्यात काढून रिकामी वाटी तोलली. वजाबाकी बोटांवर केली. परत केली.

अठरा. आणि वर अगदी किंचित.

“आत्या! टाकी नाही गं! घोट! मोल म्हणजे तुझा एक घोट! रेणू इतके बारीक असतात की तेवढे सगळे या वाटीत बसतात! मी टाकी दाखवली मॅडमना, टाकी!” ती हसत सुटली आणि स्वतःभोवती फिरू लागली, परकर फुगा होईपर्यंत. “सहावर तेवीस शून्यं! आणि तू ते रोज बाराला एकदम गिळतेस!”

त्या दिवशी बाराला आत्याने हात जोडले खरे, पण वाटी तोंडाला लावण्यापूर्वी तिने आत जरा निरखून पाहिलं. घोट घेतला. थोडी थांबली. आणि दिवसाचा पहिला शब्द बोलली, “भिंगरे, एवढे सगळे आत गेले की त्यांचं पुढे काय होतं गं?”

भिंगरीच्या अंगावर काटा आला. केवढा खोल प्रश्न! मोडतात की तसेच राहतात? पाणी पाणीच राहतं की त्याचं दुसरं काही होतं? बदल रासायनिक की नुसता जागेचा? ती तशीच पुस्तक घेऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. बाबांना म्हणाली, “आत्याची विचारायची पद्धतच वेगळी आहे. मॅडमसुद्धा असं नाही विचारत.”

परीक्षेच्या आदल्या सकाळी ती आत्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. बाबा डबा भरत होते.

“आत्या, पास झाले ना, तर तुझ्याबरोबर एक अख्खी सकाळ गप्प बसेन. बारापर्यंत. एक शब्द नाही.”

“ही अभिक्रिया होणे नाही,” बाबा म्हणाले. “त्यापेक्षा स्टुलावर बसणं सोपं जाईल तुला. उशी पण आहे.”

“बाबा!”

आत्याने सुया खाली ठेवल्या आणि तळहात पुढे केला. भिंगरीने त्यावर आपला हात ठेवला. आत्याने तो मिटून घट्ट धरला, आणि मग बराच वेळ सोडला नाही.

परीक्षेला मॅडमनी तोच पेला पुढे सरकवला. त्यांचे ओठ जरासे हसले. “आज टाकी आणू का?”

“नको मॅडम. मोजपात्र द्या.” भिंगरीने अठरा मिलिलिटर, म्हणजे अठरा ग्रॅम पाणी मोजलं, पेल्यात ओतलं. तळाशी जेमतेम बोटभर. “हा एक मोल. माझ्या आत्याचा एक घोट,” ती म्हणाली, आणि आनंदाच्या भरात पेला उचलून थेट तोंडाकडे नेला.

“अगं, अगं! ठेव तो! प्रयोगशाळेत काही तोंडाला लावायचं नाही!” मॅडम अर्ध्या उठल्या.

भिंगरीने पेला ठेवला. मग मॅडमनी फळ्यावर पाणी तयार होण्याचं समीकरण लिहिलं. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी. “दहा मोल हायड्रोजन, सहा मोल ऑक्सिजन. काय संपेल, काय उरेल, पाणी किती?”

“सोप्पंय, ऑक्सिजन कमी म्हणून ऑक्सि...” भिंगरी सुसाट निघाली, आणि मधेच तिला खिडकीजवळची खुर्ची दिसली, त्यातली आठी दिसली. ती थांबली. “नाही. मी पळतेय. थांबा हं, मॅडम.” तिने बोटं टेबलावर पसरली. “एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन लागतात. दहाला पाचच पुरे. म्हणजे हायड्रोजन संपेल, जास्त असूनही. एक मोल ऑक्सिजन उरेल.”

“आणि पाणी?”

“चष्मे असते तर पाच झाले असते. पण ऑक्सिजनची फ्रेम जोडीने येते, एकमेकींना चिकटलेली. ती मधून मोडते आणि दोन होतात. म्हणून पाणी दहा मोल. आत्याचे दहा घोट.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “चष्मे कुठून आले ते मला नंतर सांग. हे हायड्रोजन-ऑक्सिजन नुसते शेजारी ठेवले तर आपोआप पाणी का होत नाही?”

भिंगरीने विचार केला. पाठ केलेलं एक वाक्य जिभेवर अगदी तयार उभं होतं. तिने ते गिळलं. “ठिणगी लागते हे माहितीय. का लागते ते मला नीट समजलेलं नाही, मॅडम.”

“ते दुसऱ्या वर्षी समजावते,” मॅडम म्हणाल्या. “ये तू.”

हे वाक्य डोक्यात शिरायला भिंगरीला दाराबाहेर पडेपर्यंत वेळ लागला. मग ती अशी किंचाळली की शेजारच्या वर्गातले सर पुन्हा धावत आले.

घरी पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. तिने आत्याला खुर्चीसकट मिठी मारली. “पास! आत्या, पास! आता खरं सांग, मी कुठे चुकतेय ते तुला कसं कळायचं? केमिस्ट्री तू कधी शिकलीस?”

“मी?” आत्याने चष्मा कपाळावर चढवला. “मला कुठली येतेय बाई केमिस्ट्री? तुझा आवाज पळायला लागला की मला धडधडायचं. ही आता कुठेतरी आपटणार, असं वाटायचं. तो चालायला लागला की बरं वाटायचं, मग मी मान हलवायची.”

“पण... पण तो प्रश्न? आत गेल्यावर त्यांचं काय होतं?”

“अगं, भीतीच वाटली मला! एवढे सगळे एकदम पोटात!”

भिंगरीच्या पोटातून हसू असं उसळलं की तिला भिंत धरावी लागली. आत्याही हसली, आता आवाज करून, पोटभर. बाबा जेवायला आले ते दारातच उभे राहिले. त्यांना काही कळेना, तरी तेही हसू लागले. संध्याकाळी त्यांनी निळी उशी स्टुलावरून उचलली आणि स्वतःच्या खुर्चीवर ठेवली. “झालर टोचते थोडी,” म्हणाले, “पण मऊ आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी उठली तेव्हा सांगण्यासारखं इतकं साठलं होतं की ते दातांवर येऊन ढकलाढकली करत होतं. बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले, “भिंगरी, चहा अर्धा कप की पूर्ण? आणि ती ठिणगी का लागते ते कळलं का गं शेवटी?” तिचं तोंड उघडलं. बाबांच्या मिशा थरथरल्या. तिने तोंड मिटलं.

फडताळातून तिने आत्याच्या वाटीसारखीच दुसरी वाटी शोधून काढली. दोन्हींत पाणी घातलं, दोन्ही झाकल्या. मग एक या हातात, एक त्या हातात घेऊन, पैंजण वाजू नयेत म्हणून पाऊल आधी टाचेवर टेकवत, ती खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघाली.