काळी चारची पेटी

कापडे गावात मोबाइलला रेंज मिळते ती मालोजी उतेकरांच्या गोठ्यामागे, फणसाच्या बुंध्याशी, आणि तीही तोंड पोलादपूरकडे केलं तरच. त्यामुळे मालोजीबुवा फोनवर जे काही बोलत, ते त्यांच्या दोन म्हशी आणि अर्धी वाडी ऐकत असे. त्या सकाळी तर कान लावायचीही गरज पडली नाही.

"खोटी पेटी दिलीस तू मला! म्हाताऱ्या मानसाला फशिवलास!"

पलीकडे पनवेलचा देवव्रत होता. जुन्या वाद्यांची अदलाबदल करणाऱ्यांचा एक ग्रुप फेसबुकवर होता, तिथे ह्या दोघांची गाठ पडली होती. आठ दिवसांपूर्वी महाडच्या एसटी स्टँडवर बुवांनी आपली चाळीस वर्षांची हार्मोनियम, म्हणजे आपल्याकडे जिला पेटी म्हणतात ती, ह्या पोराच्या हवाली केली होती आणि त्याची नवीकोरी दिसणारी पेटी घरी आणली होती. पैशाचा व्यवहार नाही, पेटीला पेटी.

"काका, पट्टी अडकते का एखादी? भाता गळतो का?" देवव्रतने विचारलं.

"नाय."

"मग?"

"मग काय मग! पेटी चढी हाय तुझी. काळी चार धरली का आवाज पार आभाळात जातो."

"पण काका, काळी चार म्हणजे काळी चारच ना?"

ह्याला काय सांगणार कपाळ! बुवांनी फोन बंद केला, खिशात कोंबला आणि काही कारण नसताना म्हशीवर ओरडले.

आता काळी चार हे प्रकरण काय, ते सांगायला हवं. पेटीवरची चौथी काळी पट्टी म्हणजे काळी चार. तिथे सा धरून गायचं म्हणजे पुरुषाचा गळा खणखणीत आणि चांगलाच उंच लागतो. मालोजीबुवा काळी चारमध्ये गात, आणि हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं, कारण बुवांनीच ते पंचक्रोशीला सांगितलं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ झाली. मुंबईला नेऊन ती काढली, तीन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. आणि त्यानंतर पहिल्याच गणपतीत बुवा पुन्हा काळी चारमध्ये गायले! गावाने पेढे वाटले.

तेव्हापासून बुवांची मान जी ताठ झाली ती झालीच. त्यांचा हक्काचा प्रतिस्पर्धी पोलादपूरचा मोरूबुवा सकपाळ. भजनाच्या बारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात आणि गाता गाता एकमेकांना चिमटे काढतात, ती रीतच आहे. पण चिमटा आणि चावा ह्यात फरक असतो. मोरूबुवाही पूर्वी काळी चारमध्येच गात असे, तो त्याच सुमाराला काळी तीनवर उतरला. मग काय, बुवांना आयतं कोलीत मिळालं. दर बारीत माइक तोंडाशी धरून ते म्हणत, "मंडळी, माझ्या गळ्याला सुरी लागली तरी मी चारवर, आनि आमचे मोरूबुवा न कापताच तीनवर!" लोक हसत. मोरूबुवाही खाली मान घालून हसत असे. त्याचे सूर आपल्याइतकेच उंच कसे वाटतात, असं बुवांना एकदोनदा वाटलं होतं, पण त्याचा निकाल त्यांनी लगेच लावला होता. मोरूची पेटी चढी आहे, खोटी आहे.

मग जुनी पेटी दिलीच कशाला? तर ती वजनाला धोंडा झाली होती आणि मोरूबुवाने मागच्या वर्षी घडी करून खांद्याला अडकवायची पेटी आणली होती. एवढंच कारण. बयाबाईंनी, म्हणजे बुवांच्या मंडळींनी, जीव तोडून विरोध केला. "अवो, ऱ्हाऊ द्या ती पेटी. हाय ती बरी हाय," असं त्या चार दिवस म्हणत होत्या. बुवांना वाटलं, बाईमाणसाला जुन्याचा लोभ असतो. स्टँडवर पेटी घेताना त्यांनी दोनचार पट्ट्या दाबून पाहिल्या. तेवढ्यात एक गाडी घरघरत फलाटाला लागली, कंडक्टर ओरडायला लागला, आणि त्या गोंधळात सूर कसला कळतोय? पॉलिश मात्र आरशासारखं होतं.

माघी गणपतीची बारी चार दिवसांवर आलेली. समोर मोरूबुवाच. त्या फोनच्या आदल्या संध्याकाळी देवळात तालीम झाली, तेव्हा बुवांनी नव्या पेटीवर ऐटीत काळी चार धरली. पखवाजवाला पांडू त्या सुराला वाद्य मिळवायला लाकडी गट्टे ठोकून कातड्याचं पान ताणू लागला. ठोकतोय, ठोकतोय, शेवटी म्हणाला, "बुवा, अजून चढवला तर पान फाटंल." बुवा म्हणाले, फाटू दे. मग अभंग सुरू झाला. पहिली ओळ निभावली. अंतऱ्याला आवाज वर गेला आणि मधेच चिरकला, कोंबडा आरवता आरवता मान पकडावी तसा. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. टाळवाले टाळांकडे बघत बसले, पांडू पखवाजाची दोरी उगीचच सारखी करू लागला. कोणी हसलं असतं तर बुवांना भांडता तरी आलं असतं.

म्हणून तो सकाळचा फोन. आणि फोनने काही झालं नाही म्हणून मग महाडची एसटी. बुवा पेटी मांडीवर घेऊन बसले, शेजारच्या माणसाला उतरेपर्यंत ऑनलाइनवाल्यांच्या नावाने ऐकवत राहिले. चवदार तळ्याच्या बाजूच्या गल्लीत अनुपमाबाई गाण्याचे क्लास घेत. बाई शिकलेल्या, कान तयार. त्यांनी एकदा 'खोटी' म्हटलं की त्या पोराला पोलिसात खेचायचं, इथवर बुवांची तयारी झाली होती.

अनुपमाबाईंनी पेटी वाजवली, मग मोबाइल पेटीजवळ धरला. सूर मोजायचं काहीतरी होतं त्यात.

"बुवा, पेटी अगदी बरोबर आहे. उत्तम लावलेली आहे."

"मग माझा आवाज का लागत नाय?"

"तुमच्या जुन्या पेटीवरचं काही रेकॉर्डिंग आहे का?"

असणारच! मागच्या वर्षीची पूर्ण बारी बुवांच्या फोनमध्ये होती, ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. बाईंनी ती लावली. थोडं ऐकलं, नव्या पेटीवर एक पट्टी दाबली, पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, "बुवा, तुम्ही इथे काळी तीनमध्ये गाताय."

"चार."

"तुमच्या पेटीवर ती चौथी काळी पट्टी असेल. पण तिच्यातून सूर काळी तीनचा येत होता. पेटीच, मधली पांढरी पट्टी धरून, दोन सुरांनी उतरलेली होती." आणि व्हिडिओ तसाच पुढे चालू होता, त्यात मोरूबुवाची पाळी आली, तेव्हा बाई अगदी सहज म्हणाल्या, "हे दुसरे बुवाही तीनमध्येच आहेत. तुम्ही दोघं एकाच पट्टीत गाताय की."

बुवांच्या डोक्यात रक्त चढलं. चाळीस वर्षांची पेटी आपली आपण दोन सुरांनी उतरते? सगळ्याच्या सगळ्या पट्ट्या, सारख्या मापाने? काही असो, ती परत आणायची. चार दिवसांवर बारी आहे, ही नवी सती-सावित्री कोणाला हवीय! गल्लीतच उभं राहून त्यांनी देवव्रतला पुन्हा फोन लावला आणि ह्या खेपेला आवाजात साखर घातली.

"बाला, रागात बोललो. तुझी पेटी झ्याक हाय. पन माझी मला दे परत. मी येतो पनवेलला."

"देतो की काका, कधीही या," पोरगं आनंदाने म्हणालं. "आणि एक चांगली बातमी आहे. तुमच्या पेटीत आतले सूर कोणीतरी मुद्दाम दोन दोन घरं सरकवून बसवले होते. मी कारागिराकडून सगळे मूळ जागी बसवून घेतले. आता कसली बोलते! एकदम खरी काळी चार."

म्हणजे आता जगाच्या पाठीवर एकही पेटी राहिली नव्हती, जिच्यावर मालोजी उतेकरांना काळी चार लागेल. पण बुवांच्या मनात दुसरंच घोळत होतं. मुद्दाम? कोणी?

घरी पोचले तेव्हा बयाबाई ओसरीवर वाल सोलत होत्या. बुवांनी पेटी खाली आदळली.

"जुन्या पेटीचे सूर कुनी सरकवले?"

बयाबाईंनी सोललेले वाल बाजूला सारले. त्यांनी नाही म्हटलं नाही, कशाचे सूर असं विचारलंही नाही.

"मीच," त्या म्हणाल्या. "पांडू भावोजींसंगती म्हाडला कारागिराकडं धाडली व्हती. तुमी गप व्हतात ते तीन म्हयने, तवा."

"का? का पन?"

"डाक्टर मला येगळं बोलले. आवाज येईल, पन पयल्यासारखा वर नाय जानार. तुमाला नाय सांगितलं मी. तुमी पाटीवर लिवून बोलत व्हतात तवा. येक दिवस पाटीवर लिवलंत, गळा नाय तर मी तरी कशाला. ती पाटी मी पुसली नि दुसऱ्या दिशी पेटी धाडली."

बुवांना ते लिहिलेलं आठवत होतं. हिने वाचलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण माणूस लाजला की आधी चिडतो, त्यामुळे ते ओरडलेच, "नव वर्सं! नव वर्सं मला येडा बनवलात तुमी! आनिक कुनाकुनाला म्हायती हाय?"

"पांडू भावोजींना." त्या पुन्हा वाल सोलू लागल्या. "आन मोरू भावोजींना."

"मोरूला?"

"त्येंना कान नायत का? पयल्याच बारीत कळलं त्येंना. दुसऱ्या दिशी घरी आलं व्हतं विचारायला. कुनाला बोलू नका म्हनून मी पाया पडाया गेले, तर पडू नाय दिलं."

बुवा तडक गोठ्यामागे गेले. तोंड पोलादपूरकडे केलं. दोनदा फोन लागला नाही, तिसऱ्यांदा लागला.

"मोरू, तुला म्हायती व्हतं?"

"वैनी बोलल्या वाटतं," मोरूबुवा म्हणाला.

"माझी पेटी उतरल्याली हाय हे तुला म्हायती व्हतं, नि मी भर बारीत तुला तीनवाला, तीनवाला बोलत बसलो. तू गपगुमान ऐकलास! तोंड नव्हतं तुला? येकदा बोलायचं, तुझी नि माझी पट्टी येकच हाय म्हनून!"

"बोललो असतो तर मग तू गायला असतास?"

बुवांच्या डोक्यात एकदम एक गोष्ट आली. "मोरू, तू चारवरनं तीनवर का उतरलास रे?"

"सोड ना आता."

"नाय, बोल."

"अरे, तू तीनचा सूर चार म्हनून गानार, नि तुझ्यामागनं मी खरी चार धरनार. म्हंजे? पोराटोरांनासुदिक कळलं असतं. म्हनून उतरलो. त्यात काय येवढं?"

"म्हंजे तुझा गळा..."

"हाय की. घरात गातो कधी कधी." मोरूबुवा हसला. "ते तीन म्हयने तू नव्हतास, तवा मी येकटाच गात फिरलो. समोर कोन नाय, चिमटा काढनारा कोन नाय. लय बेकार वाटायचं रे. मग तीन काय नि चार काय."

बुवांनी फणसाला टेकून बसकण मारली. नऊ वर्षांत किती बाऱ्या झाल्या असतील, त्याचा हिशेब त्यांना करवेना. प्रत्येक बारीत तेच वाक्य, त्याच हशाची वाट बघत थांबणं, आणि समोर खाली मान घालून हसणारा हा गाढव. त्यांना मोरूचा राग आला, बयाबाईंचा आला, पांडूचा आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला आणि तो काही केल्या कोणावर काढता येईना.

माघी गणपतीला देवळापुढे मांडव भरला. पहिली पाळी मालोजीबुवांची. त्यांनी माइक ओढून घेतला, तसे पुढचे लोक हसायच्या तयारीत बसले.

"मंडळी," बुवा म्हणाले, "आज मी काळी तीनमधी गानार हाय. नव वर्सं तीनमधीच गात व्हतो, बोलत व्हतो चार. आनि ह्यो समोर बसलाय मोरूबुवा, त्याचा गळा चारचा हाय. माझी लाज झाकाया तो नव वर्सं खाली बसला. आज तो चारमधी गानार. नाय गायला, तर मी पेटी उघडनार नाय."

मांडवात कोणी हसलं नाही. मोरूबुवाने कपाळावर हात मारला, "कशाला रे, मालोजी," असं काहीतरी पुटपुटला. पण बुवा पेटीवर हात ठेवून नुसते बसून राहिले, तेव्हा त्याचा इलाज चालला नाही. त्याने आपल्या पेटीवर चौथी काळी पट्टी दाबली.

आणि आवाज निघाला. वर गेला, अजून वर गेला, कुठे अडला नाही, कुठे चिरकला नाही. म्हातारी माणसं पुढे सरकून बसली. पांडूचा हात पखवाजावर नुसताच ठेवलेला राहिला.

मालोजीबुवा ऐकत होते. चारचौघांत रडायची त्यांना भयंकर चीड, म्हणून ते उपरण्याने घाम पुसल्यासारखं करत राहिले.

"पांड्या," ते शेवटी दात ओठ खात म्हणाले, "येवढा गळा ह्या माकडानं माझ्यापायी नव वर्सं घरात कोंडून ठेवला."